शेरीफची गाय

डॉक्टरांनी उपासाला बंदी केली त्या वर्षी आसावरीबाईंनी खरं बोलायचं ठरवलं.

म्हणजे एरवी त्या खोटं बोलत होत्या असं नाही. पण चातुर्मासात काहीतरी सोडायचं हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा नेम. कधी वांगी सोडली, कधी कांदा-लसूण. एका वर्षी चहा सोडला, तेव्हा नवऱ्यानं हात जोडून सांगितलं होतं, "पुढच्या वर्षी मला सोड, पण चहा घे." यंदा इंग्लंडातल्या त्यांच्या रीडिंग गावच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी साखरेचे आकडे पाहिले आणि बजावलं, की उपाशी राहायचं नाही आणि एकवेळ जेवायचंही नाही. बाई घरी आल्या, देवापुढे बसल्या आणि पोटाशी संबंध नसलेलं व्रत शोधू लागल्या. शेवटी संकल्प सोडला : आषाढीपासून कार्तिकीपर्यंत खोटं बोलायचं नाही, आणि आपल्या नावावर दुसऱ्याचं खोटं खपू द्यायचं नाही.

"हे बरं आहे," शशिकांतराव म्हणाले. "यात भांडी पडत नाहीत."

पण या व्रताच्या मानानं निर्जळी एकादशी म्हणजे सुट्टीचा दिवस, हे बाईंना आठवडाभरातच कळलं. ज्या देशात 'लव्हली' म्हटल्याशिवाय घरापासून बसस्टॉपपर्यंत पोहोचता येत नाही, तिथे खरं बोलायचं कसं? शेजारणीनं रुबार्बचं क्रम्बल नावाचं आंबटगोड पक्वान्न आणून दिलं आणि दुसऱ्या दिवशी कुंपणावरून विचारलं, कसं झालं होतं? बाईंनी बराच विचार केला आणि हळूच म्हणाल्या, "गरम होतं." शेजारीण खूश झाली. बाईंचा आवाजच इतका मऊ, की त्यांनी काहीही म्हटलं तरी लोकांना ते कौतुकच वाटे.

हा मऊ आवाजच पुढे सगळ्या गोंधळाचं कारण ठरला. पण त्याआधी त्या सिनेमाबद्दल सांगायला हवं.

'नो हॉर्स फॉर द शेरीफ' हा पन्नासेक वर्षांपूर्वीचा हसवणारा वेस्टर्न. नव्या शेरीफचा घोडा नोकरीच्या पहिल्याच दिवशी चोरीला जातो, आणि बिचारा अख्खा सिनेमाभर गाईवर बसून दरोडेखोरांचा पाठलाग करतो. गळ्यात घंटा बांधलेली ती तपकिरी गाय वाटेत चरायला थांबली, की शेरीफ टोपी काढून तिची वाट बघतो. दरोडेखोर लांब टेकडीवर उभे राहून त्याची वाट बघतात. असा एकूण कारभार.

शशिकांतरावांचा या सिनेमावर जीव होता. टीव्हीवरून भरून घेतलेली त्याची कॅसेट त्यांनी चाळीस वर्षं लोकरीच्या मोज्यात गुंडाळून जपली होती. हात धुतल्याशिवाय तिला शिवायचं नाही, रविवारी दुपारी जेवणानंतरच लावायची, मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. शिवाय टीव्हीसमोरची डावीकडची खुर्ची त्यांची. तिथे दुसरं कुणी बसलं तर सिनेमा सुरू व्हायचा नाही. आणि हेच शशिकांतराव बायको जप करत असली की दारातून विचारत, "किती राहिले तुझे मणी? रिवाइंड करून घे." गाईला ते कपिला म्हणत. तिचा एक फोटो टीव्हीवरून काढून, मोठा करून त्यांनी जिन्यात लावला होता. लग्नाचा फोटो त्याच्या खालच्या पायरीला होता.

ती कॅसेट भरली होती आसावरीबाईंनी. तेव्हा शशिकांतराव ब्रॅकनेलच्या एका कंपनीत होते आणि कॉम्प्युटर बसवायला साउथहॅम्प्टनच्या बंदरावर गेले होते. तिथून त्यांचा फोन आला, "आज दुपारी वेस्टर्न आहे. पेपरात फार छान लिहिलंय. लाल बटण दाब, संपलं की बंद कर. बाकी काही करू नकोस."

बाकी काही करू नको म्हणणं सोपं. कार्तिक महिना होता, आणि त्या वर्षी बाईंचा नेम होता, की चातुर्मासात मद्य-मांस घरात दृष्टीलाही पडू द्यायचं नाही. आता वेस्टर्न सिनेमातून मद्य आणि मांस काढलं तर उरतं काय? धूळ आणि घोडे. या सिनेमात घोडाही नव्हता. शिवाय पाच वर्षांची लेक मीनल वरणभाताचं ताट घेऊन शेजारीच बसलेली. बाईंनी एका हातानं पोरीचे डोळे झाकले आणि दुसरा हात सिनेमा संपेपर्यंत पुन्हा पुन्हा रेकॉर्डिंग थांबवणाऱ्या पॉझच्या बटणाकडे जात राहिला. नवरा परत आल्यावर त्यांनी सांगितलंही, "मी जरा निवडून घेतलाय."

तांदूळ निवडतात तसा, असं त्यांना म्हणायचं होतं. शशिकांतराव तेव्हा बूट काढत होते. "छान," ते म्हणाले.

त्यानंतर चाळीस वर्षं तो सिनेमा कुठेच आला नाही. हक्कांवरून निर्मात्यांच्या वारसांत भांडणं लागली होती, त्यामुळे व्हिडिओ नाही, डीव्हीडी नाही, काही नाही. म्हणून शशिकांतरावांनी इंटरनेटवरच्या वेस्टर्नवेड्यांच्या गप्पांत मोठ्या ऐटीत लिहिलं, की माझ्याकडे हा सिनेमा संपूर्ण आहे, एकाहत्तर मिनिटं. आणि दुसऱ्याच दिवशी ब्रॅकनेलहून टोबी दारात हजर झाला.

टोबी 'रस्टी स्पर' नावाच्या कंपनीत होता. विसरलेले सिनेमे धुऊनपुसून चकचकीत डिस्कवर आणायचे, सोबत पुस्तिका, पोस्टर आणि पत्र्याचा डबा द्यायचा, हा त्यांचा धंदा. वारसांची भांडणं मिटून 'नो हॉर्स'चे हक्क आता त्यांच्याकडे आले होते.

"एकाहत्तर मिनिटं?" त्यानं दारातच विचारलं. कोट काढला नव्हता. "तुमची खात्री आहे?"

"घड्याळ लावून," शशिकांतराव म्हणाले.

टोबी मटकन सोफ्यावर बसला. मग त्यानं सांगितलं ते असं : कंपनीला मिळालेली प्रिंट होती जवळपास दोन तासांची. पण दिग्दर्शक मरेपर्यंत म्हणत होता, की माझा सिनेमा छोटा होता, स्वच्छ होता, स्टुडिओनं त्यात दारू आणि चुंबनं कोंबून तो फुगवला. ती मूळ आवृत्ती कुणीच पाहिली नव्हती. एकदा टीव्हीवर ती चुकून दाखवली गेली, अशी एक वदंता मात्र होती.

मोज्यातून कॅसेट निघाली. सिनेमा सुरू झाला. शेरीफ सलूनचं, म्हणजे तिकडच्या दारूच्या गुत्त्याचं, दार ढकलून आत गेला आणि पुढच्याच क्षणी झोकांड्या खात बाहेर आला.

"अरे देवा," टोबी पुटपुटला. "त्यानं सलून दाखवलंच नाही! दार आहे, आणि मग फक्त परिणाम आहे."

दरोडेखोर बँकेत शिरले. पुढच्या क्षणी सगळे टोप्या काढून स्मशानात उभे.

टोबीच्या डोळ्यांत पाणी आलं. "कोण मेलं ते सांगितलंच नाही. काय धाडस आहे! त्या काळात!"

शेरीफ आणि विधवा सलूनवाली एकमेकांकडे बघत जवळ आले, आणखी जवळ आले, आणि एकदम गाय दिसली. शेवटी तर शेरीफ आणि दरोडेखोरांचा म्होरक्या समोरासमोर उभे, हात पिस्तुलावर, सूर्य मावळतीला, आणि पडदा काळा.

मग आसावरीबाई चहाचा ट्रे ठेवत स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "ते मी केलंय. बटण दाबून."

टोबीनं त्यांचा हात हातात घेतला. "किती सुंदर बोललात," तो म्हणाला. "एका अर्थानं प्रत्येक प्रेक्षकच ते करत असतो."

बाईंनी पुन्हा दोनदा सांगितलं. एकदा त्याला निरोप देताना आणि एकदा फोनवर. पहिल्या वेळी तो हसला, दुसऱ्या वेळी त्यानं ते वाक्य पुस्तिकेसाठी लिहून घेतलं. मग त्यांनी नवऱ्याला गाठलं.

"अहो, त्याला सांगा ना. मी कापलाय तो सिनेमा."

"तू एखाददोनदा बटण दाबलं असशील. नाही कोण म्हणतं?" शशिकांतराव आरशात बघून टोपी नीट करत होते. टेक्सासची टोपी, घेतली शेजारच्या स्लाउच्या बाजारात. "पण इतकी कलात्मक काटछाट? तू? अगं, तुला मेथी निवडताना दांडे राहतात."

मेथीचं खरं होतं.

मीनलला फोन केला, तर ती आधी खूप हसली. तिचं सगळं आयुष्य रीडिंगमध्ये गेलं होतं आणि मराठी फक्त आईशी. "आई, मला आठवते ना! तुझी हात माझ्या डोळ्यावर होता. वरणाचा वास यायची." मग ती थांबली. "पण लिसन, बाबा इतके हॅपी आहेत. रिटायर झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारत नव्हता. आता ते कन्सल्टंट आहेत. तू काही बोलू नको ना. प्लीज. फक्त गप्प बस."

यात तथ्य होतं, आणि तिथेच दुखत होतं. निवृत्त झाल्यापासून शशिकांतराव सकाळी उठून आधी टपाल येतं का बघत, मग कचऱ्याचे डबे नीट लावत, मग पुन्हा टपाल बघत. आता टोबीचे फोन येत होते. गाईच्या घंटेचा आवाज खरा कसा होता, यावर त्यांचं मत घेतलं जात होतं. रीडिंगच्या मराठी मंडळात त्यांना कुणी काका म्हणेना, 'शेरीफसाहेब' म्हणत. त्यांची पाठ ताठ झाली होती. हे सगळं एका वाक्यानं मोडायचं? आणि नाही मोडलं, तर घेतला वसा टाकायचा?

बाईंनी मधला मार्ग काढला. कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. विचारलं, तर खोटं बोलायचं नाही.

आठवड्याभरात विचारणा आलीच. डिस्कवर सिनेमाबरोबर मुलाखती असतात. टोबीला कॅमेऱ्यासमोर साक्ष हवी होती, ज्या हातानं लाल बटण दाबलं त्या हाताची.

"ती बोलेल," शशिकांतराव म्हणाले. "पण तिचं इंग्रजी जरा हे आहे. तिला मराठीत बोलू दे. मी शेजारी बसून भाषांतर करतो."

बाईंनी रीडिंगच्या कौन्सिलच्या लायब्ररीत बत्तीस वर्षं लोकांना इंग्रजी पुस्तकं शोधून दिली होती. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं टोपीकडे पाहिलं. भाषांतर हे नवऱ्याला स्वतः फ्रेममध्ये यायचं निमित्त होतं, हे बाईंना कळलं. असू दे, त्या मनात म्हणाल्या, मराठीत खरं बोलायला तर जीभ आणखीच हलकी.

दिवे लागले, माइक आला. बाईंनी कार्डिगनची बटणं लावली, पदर सारखा केला, आणि टोबीनं विचारलं तसं सगळं सांगितलं. कुठे थांबवलं, का थांबवलं, किती वेळानं पुन्हा सुरू केलं. हातचं काही राखलं नाही. राखली एकच गोष्ट, आणि ती राखलीय हेही त्यांनी सांगून टाकलं.

प्रत्येक उत्तरानंतर शशिकांतराव घसा साफ करून इंग्रजीत बोलत. त्यांचं भाषांतर आधीच तयार होतं. दोन आठवडे आरशासमोर पाठ केलेलं. बायकोचे ओठ थांबले की ते सुरू होत.

"मी असं नाही म्हणाले," बाई एकदा हळूच इंग्रजीत म्हणाल्या.

"सॉरी," हेडफोनवाला मुलगा म्हणाला. "दोघं एकदम बोलू नका. शिवाय बाईंचा आवाज पकडत नाहीये. सर, तुम्ही पुन्हा घ्या."

सरांनी पुन्हा घेतलं, अधिक रंगवून.

घरी बाईंनी विचारलं, "अहो, मी बोलले काय आणि तुम्ही सांगितलंत काय?"

"भावार्थ सांगितला," शशिकांतराव म्हणाले. "शब्दाला शब्द ठेवणारं भाषांतर हौशी लोक करतात."

दिवस गेले. नवरात्र झालं, दिवाळी आली. फराळाच्या गडबडीत एका गुरुवारी फोन वाजला.

"नमस्कार मावशी, मी योना बोलते. लंडनहून. तुमच्या मुलाखतीचे सबटायटल्स माझ्याकडे आलेत." आवाज तरुण होता, मराठी जरा जुन्या वळणाचं. "माझं मराठी आईकडनं आलेलं आहे हां, हसू नका. आम्ही मुंबईचे ज्यू. घरात आता सगळे इंग्लिशच बोलतात, मीच एक शिल्लक. मला विचारायचं होतं, 'निवडून घेतला' म्हणजे कसं? डाळ निवडतात तसं?"

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. त्यांना एकदम बरं वाटलं. चाळीस वर्षांत ते वाक्य पहिल्यांदा कुणालातरी कळलं होतं.

"माझी आई ताटात डाळ घेऊन बसायची, खडे काढत. ठीक. आता दुसरं." योना जरा थांबली. "मावशी, काका वेगळंच सांगतायत."

"हो."

"म्हणजे फारच वेगळं. टोबीला मराठी येत नाही, त्याला कळलेलं नाही. तो म्हणाला, वेळ कमी आहे, काकांचं इंग्लिश आहेच, तेच तुमच्या बोलण्याखाली घाल. पण मी तुमचं ऐकलं. आता मी काय लिहू?"

गॅसवर चिवड्याचे पोहे भाजायचे होते. बाईंनी गॅस बंद केला. मीनलचं 'प्लीज' आठवलं, आरशासमोरची टोपी आठवली, रिकामं टपाल बघणारी ती वाकलेली पाठ आठवली.

"उद्या सांगितलं तर चालेल?"

"चालेल. पण दुपारच्या आत. शुक्रवारी दिवस मावळला की मी कामाला हात लावत नाही. शब्बाथ."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. टोबी म्हणतो, एक तासानं काय होतं? मी म्हणते, तुला काही होत नाही रे, मला होतं."

बाई गालात हसल्या. नेम पाळणाऱ्या माणसाला नेम समजावून द्यावा लागत नाही.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं : मी बोलले ते आता अक्षरात खाली उमटणार आहे, हो म्हणू की नको?

शशिकांतराव चकली खात होते. "सबटायटल्स?" ते म्हणाले. "कोण वाचतं?"

"लोक वाचतात."

"मी कधी वाचलेत? चित्र झाकतात ते. खऱ्या रसिकाची पहिली गोष्ट काय, तर सबटायटल्स बंद करायचे. लिहू दे तिला काय लिहायचं ते."

शुक्रवारी सकाळी पूजा आटोपून बाईंनी योनाला फोन लावला. "मी म्हटलं तेच लिही," त्या म्हणाल्या. "कमी नको, जास्त नको."

सोहळा कार्तिकीच्या आधीच्या शनिवारी होता, ब्रॅकनेलच्या एका छोट्या थिएटरात. अर्धं थिएटर डिस्क जमवणाऱ्या लोकांनी भरलेलं. हे लोक डबा विकत घेतात पण उघडत नाहीत, कारण उघडला की त्याचं पावित्र्य जातं. एक गृहस्थ तीन डबे घेऊन आले होते. एक बघायला, एक ठेवायला आणि तिसरा, ते म्हणाले, 'मनःशांतीसाठी'. उरलेल्या अर्ध्यात रीडिंगचं मराठी मंडळ नटूनथटून, पिशव्यांत उरलेला फराळ. पुढच्या रांगेत टोपी घातलेले शशिकांतराव, शेजारी बाई, पलीकडे मीनल नखं खात.

टोबीनं पुस्तिकेतला आपला निबंध वाचला. निबंधाचं नाव 'रिकामं सलून'. शेरीफ पीत नाही, खात नाही, कुणाला मिठी मारत नाही. दिग्दर्शकानं पाश्चात्त्य सिनेमाला पहिला संन्यासी दिला, असं त्यात होतं. टाळ्या झाल्या. संन्यासी या शब्दाला मंडळानं जरा जास्तच वाजवल्या.

मग मुलाखत सुरू झाली.

पडद्यावर बाई भल्यामोठ्या दिसत होत्या आणि आवाज नेहमीसारखाच मऊ, जवळजवळ न ऐकू येणारा. पण या वेळी त्याची गरज नव्हती. खाली पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत लिहून आलं : सलूनचं दार उघडलं तेव्हा मी सिनेमा थांबवला. आत बाटल्या होत्या. माझा चातुर्मास होता.

"माय वाइफ सेज," पडद्यावरचे शशिकांतराव खणखणीत आवाजात म्हणाले, "शी नेव्हर टच्ड द बटन."

कुणीतरी खुदकन हसलं.

अक्षरं पुढे सरकली : बँकेत शिरले तेव्हा माझं दूध उतू गेलं. बटण दाबून धावले, शेगडी पुसून येईपर्यंत बँक लुटून झाली होती आणि कुणीतरी मेलं होतं. कोण ते मला अजून माहीत नाही.

"शी सेज, शी डिड नॉट लीव्ह हर चेअर. नॉट फॉर अ सेकंड."

आता डबेवालेही हसू लागले. तीन डबेवाल्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला.

ती बाई आणि शेरीफ जवळ आले, तेव्हा मी मीनलचे डोळे झाकले. मग जावेचा फोन आला. तो लवकर संपत नाही.

"द लव्ह सीन, शी सेज, वॉज व्हेरी टेस्टफुल."

मंडळाची सेक्रेटरी रेखा पिशवी तोंडावर धरून थरथरत होती. त्यातले शंकरपाळे खाली सांडले.

दिवेलागण झाली. दोघं पिस्तुलं रोखून उभे होते. देवापुढे दिवा लावताना घरात गोळीबार नको, म्हणून मी बंद केलं. परत आले तेव्हा टीव्हीवर पुढचं चालू होतं. ते मी पाहिलं. काय पाहिलं ते मात्र सांगणार नाही.

"अँड द एंडिंग," पडद्यावरच्या शशिकांतरावांनी टोपीला हात लावला, "लेफ्ट हर स्पीचलेस."

थिएटर कोसळायचंच बाकी होतं. फक्त दोन माणसं हसत नव्हती. टोबी भिंतीला टेकून उभा होता, हातात 'रिकामं सलून'. आणि शशिकांतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा सबटायटल्स वाचले होते. त्यांनी हळूहळू टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

पण टोबीच्या धंद्यातली माणसं फार वेळ पडून राहत नाहीत. डबे छापून तयार होते, ते काही वितळवता येणार नव्हते. तो मंचावर गेला, ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाला, "मित्रहो, आपण आत्ता जे पाहिलं, ते याहून मोठं आहे. ही दिग्दर्शकाची आवृत्ती नाही. ही भक्ताची आवृत्ती आहे!" डबेवाले उभे राहिले. संध्याकाळ संपेपर्यंत प्रत्येक डब्यावर हातानं लिहिलेली चिठ्ठी चिकटली होती : आसावरी कट.

निघताना टोबीनं बाईंना बाजूला घेतलं. पहिल्यांदाच तो त्यांच्याकडे वाकून, कान देऊन बोलत होता. "तुम्ही आणखीही काही सिनेमे असे भरून घेतले होते का?"

"कपाटभर," बाई म्हणाल्या.

घरी जाताना मीनल गाडी चालवत होती आणि शशिकांतराव खिडकीतून बाहेर बघत होते. अख्ख्या रस्त्यात ते एकच वाक्य बोलले. "मेथीचे दांडे राहतात म्हणालो होतो मी," ते म्हणाले. बाईंनी त्यांच्या मांडीवरची टोपी उचलून आपल्या मांडीवर घेतली, चुरगळू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवण झालं, शशिकांतरावांनी हात धुतले, आणि मोज्यातली कॅसेट तशीच राहू देऊन पत्र्याचा डबा फोडला. आत दोन डिस्क होत्या. पहिली मूळ, लांबलचक, जिला ते आजवर भेसळ म्हणून नाकं मुरडत आले होते, दुसरी बायकोची. त्यांनी पहिली घातली.

"बघू तरी," ते कुणाकडेही न बघता म्हणाले, "मला चाळीस वर्षं काय दाखवलं नाही ते."

बाई स्वयंपाकघरात होत्या. ओटा पुसता पुसता त्यांना सगळं ऐकू येत होतं. सलूनमध्ये ग्लास आपटले. बँकेत गोळ्या सुटल्या. "अच्छा, सावकार मेला होय," शशिकांतराव म्हणाले. मग बराच वेळ शांतता. ती विधवा सलूनवाली असणार. "हं, यात काही नव्हतं एवढं," असं जरा उशिरानं आलं. बाईंनी फडकं पिळलं. पुढचं त्यांना माहीत होतं. शेरीफ आणि म्होरक्या पिस्तुलं रोखतील, दोन्ही पिस्तुलं अडकतील, हसून मिठी मारतील. मग गावजेवण. शेरीफला गावकरी बक्षीस म्हणून नवा घोडा देतील.

खुर्ची करकरली. सिनेमाचा आवाज मध्येच बंद झाला.

बाई दारात आल्या. शशिकांतराव टीव्हीकडे पाठ करून उभे होते, हातात रिमोट, अंगठा पॉझच्या बटणावर घट्ट. मागे पडद्यावर मोठी शेकोटी पेटलेली, तिच्यावर आडवा लोखंडी गज, भोवती ताटं घेतलेले गावकरी. आणि एका खुंटीला, अगदी समोर, ती घंटा टांगलेली.

"अगं," ते म्हणाले. आवाज बाईंच्या आवाजाइतकाच मऊ झाला होता. "ही... म्हणजे ती... तू तेव्हा परत आलीस दिवा लावून, तेव्हा तू जे पाहिलंस ना..."

बाई काही बोलल्या नाहीत. अजून विचारलं नव्हतं.

"नको," शशिकांतरावांनी एकदम हात वर केला. "थांब. सांगू नकोस. कार्तिकी कधी आहे?"

"परवा."

"परवा तुझं ते व्रत संपेल?"

"संपेल."

"मग परवानंतर विचारतो," ते म्हणाले. मागे न बघता त्यांनी बटण चाचपून डिस्क बाहेर काढली, दुसरी घातली, आणि रिमोट बायकोच्या हातात दिला. "तूच धर हा."

मग ते डावीकडच्या खुर्चीत जाऊन बसले. टीव्हीवर सकाळ झाली, धूळ उडाली, आणि घंटा वाजवत कपिला सावकाश चालत आली.